भायखळ्याचे तीन कैदी, १८९७

वर्तकनगरहून ठाणे स्थानक गाठावे आणि लोकलने भायखळ्यास उतरावे. आजचा धागा तेथील तुरुंगाचा आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. ३० जानेवारीस १५४ कैदी स्वेच्छेने लस घेण्यास पुढे आले. (कैद्याची स्वेच्छा कितपत स्वतंत्र, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

निकाल असा नोंदला गेला: लस न घेतलेल्यांत १२ रुग्ण, ६ मृत्यू, घेतलेल्यांत २ रुग्ण, मृत्यू एकही नाही.

परंतु लस घेतलेल्यांपैकी तिघांना त्याच संध्याकाळी गाठी आल्या व ते दगावले. संसर्ग आधीचाच, म्हणून ते हिशेबाबाहेर. तर्क पटण्याजोगा आहे. लस काही तासांत गुण देत नाही. तरीही तिघांना धरले, तर शून्याविरुद्ध सहाचे तीनविरुद्ध सहा होते. शिवाय गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. पुढे आले ते एका बाजूस, उरले ते दुसऱ्या.

हे आज आपण तपासू शकतो, कारण वगळलेले तिघे कारणासह नोंदले गेले. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीची ‘स्ट्रोब’ नियमावली २००७ साली आली. कोणाला घेतले, कोण गळाले आणि का, हे लिहा, असे ती सांगते. भारतात २०१७ पासून आरोग्य-तंत्रज्ञान मूल्यांकनाची सरकारी यंत्रणा आहे. तिच्यापुढे प्रत्यक्ष वापरातले आकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न तोच असावा: मोजणी कोणत्या संध्याकाळपासून सुरू केली?