अरेंजर कीबोर्ड

अरेंजर कीबोर्ड हे स्वयंचलित साथीची सोय असलेले इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. वादकाने डाव्या हाताने कॉर्ड धरली की तिच्यानुसार ताल, बास, गिटार इत्यादींची साथ सुरू होते व उजव्या हाताने मुख्य चाल वाजविता येते. त्यामुळे एकटा वादक लहान वाद्यवृंदाचे काम करू शकतो. यामाहा, कॉर्ग, रोलँड, कॅसिओ तसेच इटलीतील केट्रॉन या कंपन्यांनी अशी वाद्ये बनविली आहेत. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम व लग्नसमारंभ यांत ती वापरली जातात.

रचना

साथीच्या तयार आराखड्याला 'स्टाइल' म्हणतात. तिचे इंट्रो, व्हेरिएशन, फिल-इन व एंडिंग असे भाग असून बटण दाबून ते गाणे चालू असतानाच बदलता येतात. सिंथेसायझरमध्ये नवे ध्वनी घडविण्यावर, तर अरेंजरमध्ये तयार साथ हाताळण्यावर भर असतो.

कार्यक्रमासाठी निवडीचे निकष

घरच्या सरावात स्वररंगांची म्हणजे टोनांची संख्या महत्त्वाची वाटते. रंगमंचावर मात्र गाणे न थांबविता किती लवकर व बिनचूक बदल करता येतो, हे अधिक निर्णायक ठरते.

* ताल : मूळ संग्रहात बहुधा पाश्चात्त्य स्टाइल अधिक असतात. केरवा (८ मात्रा), दादरा (६ मात्रा), रूपक (७ मात्रा) आणि लावणीची ढोलकी उपलब्ध आहे का, हे ऐकून पाहावे लागते. बाहेरून स्टाइल भरण्याची सोय उपयुक्त असते. परंतु एका कंपनीची स्टाइल दुसऱ्या कंपनीच्या वाद्यात सहसा थेट चालत नाही.
* ट्रान्स्पोज : गायकाची पट्टी ऐन वेळी बदलू शकते. पांढरी एकमध्ये बसविलेले गाणे काळी दोनमध्ये न्यायचे असल्यास ३ अर्धस्वर चढवावे लागतात. यासाठी स्वतंत्र बटण असणे सोयीचे असते.
* रजिस्ट्रेशन मेमरी : टोन, स्टाइल, लय व आवाजाची पातळी एकत्र साठवून ती एका बटणाने परत आणता येते. गाण्यांच्या क्रमाने हे साठे लावल्यास दोन गाण्यांमधील खोळंबा टळतो.
* पॉलिफनी : एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची ही कमाल संख्या असते. साथीतील वाद्येही हीच संख्या वापरतात. ती अपुरी पडल्यास काही स्वर मध्येच तुटतात.
* स्वरजुळणी : समविभाजित जुळणीतील गांधार नैसर्गिक शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. रागाधारित गीतांसाठी प्रत्येक स्वर वेगळा जुळविण्याची सोय पाहिली जाते.
* जोडणी : अंगभूत स्पीकर सभागृहाला पुरत नाहीत. ताल व सूर यांचे आउटपुट वेगळे असल्यास ध्वनिसंयोजकाला समतोल साधता येतो. काही उच्च श्रेणीच्या वाद्यांत, उदाहरणार्थ यामाहाच्या २०१७ मधील जेनोसमध्ये, अंगभूत स्पीकर नसतात.
* वाहतूक व वीज : ७६ पट्ट्यांचे वाद्य सामान्यतः ६१ पट्ट्यांच्या वाद्यापेक्षा लांब व जड असते. जनरेटरवर वीज खंडित झाल्यास चालू मांडणी नाहीशी होऊ शकते. म्हणून यूपीएस आणि पेनड्राइव्हवरील प्रत उपयोगी पडते.

मर्यादा

वाद्यातील लय ठरविलेल्या गतीनेच चालते. ती गायकाच्या किंवा ढोलकीवादकाच्या मागे आपोआप जात नाही. भजनात लय चढत जाते, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो. त्यामुळे तबला किंवा ढोलकी प्रत्यक्ष वाजत असताना अनेक वादक यांत्रिक ताल बंद करून केवळ सुरांची साथ ठेवतात. साथीचे भाग स्वतंत्रपणे बंद करता येणे हा म्हणूनच निवडीचा महत्त्वाचा निकष ठरतो. मींडेसाठी पिच-बेंडचा वापर होतो. मात्र सारंगी किंवा बासरीच्या मींडेतील बारकावे त्यात पूर्णपणे येत नाहीत.