शंकूची साक्ष : जुन्या टॅनॉयचे मूळपण

ध्वनिवर्धकाच्या पेटीत जो भाग प्रत्यक्ष आवाज करतो, म्हणजे लोखंडी सांगाडा, चुंबक, कॉइल आणि कागदी शंकू यांची जोडणी, त्याला जाणकार ‘ड्रायव्हर’ म्हणतात. जुना ड्रायव्हर हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला : हा मूळचा आहे का? प्रश्न सोपा वाटतो. पण जुन्या पोथीत मधलीच चार पाने दुसऱ्या हाताची निघावीत, तसे इथेही एका वस्तूत अनेक काळ आणि अनेक हात दडलेले असतात. ब्रिटनच्या टॅनॉय कंपनीचे ‘ड्युअल कॉन्सेंट्रिक’ ड्रायव्हर याचे बोलके उदाहरण आहे.

गाय फाउंटन यांनी १९२६ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीने १९४७ मध्ये हा ड्रायव्हर लोकांपुढे आणला. त्याच्या घडणीत रॉनी रॅकहॅम या अभियंत्याचा मोठा वाटा होता. उंच स्वरांचा कर्णा त्यांनी चुंबकाच्या मध्यातून आरपार काढला. पुढचा कागदी शंकू खालचे स्वर तर देतोच, शिवाय त्या कर्ण्याचे रुंदावत जाणारे तोंडही होतो. दोन्ही आवाज एकाच केंद्रातून निघतात. पुढे या ड्रायव्हरच्या पिढ्या रंगांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या : ब्लॅक, सिल्व्हर, रेड आणि १९६७ पासून गोल्ड. १९७४ मध्ये ‘एचपीडी’ आला.

यांतला रंग हाच सर्वांत कच्चा पुरावा. चुंबकावरचे आवरण बदलता येते, रंगवताही येते. कॉइल मात्र सहसा खोटे बोलत नाही. रेडची कॉइल १५ ओहमची होती. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरना जुळावी म्हणून गोल्डमध्ये ती ८ ओहमची झाली. साध्या मीटरवर आकडा या नाममात्र मूल्यापेक्षा थोडा कमी येतो. तेव्हा लाल आवरणाखाली मीटरने ५-६ ओहम दाखवले, तर आतली कॉइल तरी नंतरची आहे, असे समजावे.

धातूवर ठोकलेल्या आकड्यांनाही मर्यादा असतात. अमेरिकेतल्या अनेक ड्रायव्हरवर निर्मात्याचा सांकेतिक क्रमांक असतो. २२० म्हणजे जेन्सन. त्यापुढचे ५३२ हे आकडे वर्षाचा शेवटचा अंक आणि आठवडा सांगतात. पण ते वर्ष १९५५ की १९६५, हे बाकीच्या खुणांवरून ठरवावे लागते. शिवाय ही तारीख सांगाड्याची. त्यात बसलेला शंकू कालचाही असू शकतो.

एचपीडीपाशी तर ‘मूळ’ या शब्दाचाच कस लागतो. त्याच्या शंकूची लवचिक कड फोमची होती. असा फोम हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने साधारण १५-२० वर्षांत चिकट होतो, मग बोट लावताच भुगा होतो. म्हणून पन्नाशीला आलेल्या एचपीडीची कड धडधाकट दिसली, तर ती बहुधा बदललेली आहे. ‘कधीच हात लावलेला नाही’ ही विक्रेत्याची ग्वाही इथे दोषच सिद्ध करते : एक तर कड गेलेली असेल, नाहीतर ग्वाही खोटी असेल.

मग निवाडा कशावर करायचा? दुरुस्तीने काय राखले, यावर. फक्त कड बदलली आणि जुना शंकू, कॉइल, शंकूच्या पाठीवर चिकटवलेल्या कण्या जागच्या जागी ठेवल्या, तर ड्रायव्हरचा स्वभाव बराचसा टिकतो. कड जाड किंवा ताठ निवडली, तर खालच्या स्वरांची चाल बदलते. आणि शंकूच वेगळ्या वळणाचा बसवला, तर कर्ण्याचे तोंड बदलते; म्हणजे ज्या उंच स्वरांना कुणी हात लावला नाही, तेही बदलतात. अशा जोडीवर आपण ‘सत्तरच्या दशकाचा आवाज’ म्हणून जे ऐकतो, तो खरे तर दुरुस्ती करणाऱ्याच्या काळाचा आवाज असतो.

किंमत मोजणाऱ्याचे यात पैसे बुडतात. इतिहास लिहिणाऱ्याचा पुरावाच बुडतो. म्हणून दुरुस्ती लपवणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी अभ्यासकाला तो अडचणीचाच. त्यापेक्षा सांगाड्याच्या आत पेन्सिलीने तारीख लिहून, काढलेली जुनी कड पाकिटात घालून पेटीत ठेवणारा बरा. त्याने वस्तू बदलली, पण तिची साक्ष पुसली नाही.