मौसिम ते मान्सून

'मान्सून' हा शब्द आज इंग्रजी समजला जातो. त्याचे मूळ अरबी 'मौसिम'मध्ये आहे. अरबीत 'वसम' म्हणजे खूण करणे. म्हणून मौसिम म्हणजे ठरलेला काळ. हजच्या काळालाही हाच शब्द. अरब दर्यावर्दींनी तो गलबते हाकारण्याच्या काळाला लावला. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थानात यायचे, ईशान्येच्या वाऱ्यावर परतायचे. इ.स. १४९० च्या सुमारास अहमद इब्न माजिदने आपल्या नौकानयनावरील ग्रंथात हे मौसिम नोंदवले. पोर्तुगिजांनी त्याचे 'मोन्साव' केले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द इंग्रजीत पोहोचला.

आपल्या किनाऱ्याला मात्र त्याची ओळख पोर्तुगिजांच्या आधीची. इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी सैमूरला, म्हणजे चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. व्यापारासाठी आलेले, इथेच संसार थाटलेले हे लोक. त्यांना आणणाऱ्या वाऱ्यांना मराठी पाठ्यपुस्तके आजही 'मोसमी वारे' म्हणतात. आपल्याला उपरे म्हणणाऱ्यांच्या तोंडीही दर जूनमध्ये हाच शब्द असतो. मराठीने तो कधीच आपला मानला आहे.