माळवदावरची माती

नवें घर बांधणें ही मोठ्या खर्चाची गोष्ट आहे. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांच्या वांट्याला प्रथम जें घर येतें तें नवें नसतें. तें कोणीं तरी पूर्वीं बांधलेलें, कोणीं तरी राहून जुनें केलेलें, आणि वांटणीनें अथवा थोड्या किंमतीनें आपल्या हातीं आलेलें असतें. त्याची डागडुजी करावी आणि त्यांत संसार मांडावा. गांठीं पैसा थोडा आणि भरंवसा काय तो घरच्या माणसांच्या हातांचा. हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. या परिपाठाचा इतिहास बखरींत सांपडत नाहीं. मला तो माझ्या स्वतःच्या घराच्या छपरावर सांपडला. तो कसा, हेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

माझें गांव शिक्रापूर. पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कोरेगांवाशीं भीमा ओलांडावी लागते. पुढें सणसवाडी, आणि मग वेळ नदीच्या कांठचें आमचें गांव. आज या रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे आहेत आणि गांवांत सिमेंटचे मजले चढले आहेत. परंतु मी लहान असतांना गांवठाणांतील पुष्कळशा घरांना मातीचें सपाट छप्पर होतें. त्याला आमच्या बाजूस माळवद किंवा धाबें म्हणतात. मावळांत पाऊस मुसळधार, म्हणून तेथें छप्पर उतरतेंच असावें लागतें. शिरूर-दौंडकडे येईपर्यंत ढग बरेचसे रिते झालेले असतात. तेथें मातीचें छप्पर टिकतें, उन्हाळ्यांत घर गार ठेवतें, आणि वर धान्य-मिरच्या वाळविण्यास आयतें अंगणहि होतें.

माळवदाची रचना सोपी असते. लांकडी खांबांवर तुळया टाकावयाच्या, तुळयांवर लांकडाच्या बारीक फाळक्या बसवावयाच्या, त्यांवर पालापाचोळा पसरावयाचा आणि सर्वांवर मातीचा थर चोपून घ्यावयाचा. ही माती शेतांतील काळी नव्हे. आपल्या भाषेंत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंती मिसळून ही पांढरी झालेली असते. एकाचें पडलेलें घर हळूहळू दुसऱ्याच्या छपरावर चढतें, असें म्हटलें तरी चालेल. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आंत, प्रत्येक घरीं माळवदावर नवी माती घालीत. त्या दिवशीं भाऊबंद, जांवई, शेजारी असे सर्व येत. आज तुम्ही माझ्याकडे, उद्यां मी तुमच्याकडे, अशी कामाची ही उसनवार. तिला सावड म्हणतात. खर्च एका जेवणाचा. पैशावांचून होणारी अशी दुसरी दुरुस्ती नव्हती.

येथें एक प्रश्न उद्भवतो. माती दरसाल घालीत. मग लांकूड कां बदलीत नसत? याचें उत्तर असें कीं, माती फुकट होती आणि लांकूड महाग होतें. आमच्या उघड्या मुलखांत इमारती लांकूड मिळणें कठीण, आणि या बाजूस आगगाडीहि कधीं आली नाहीं. घराचें सारें मोल त्याच्या लांकडांत असे. याचा दाखला आमच्याच शिरूर तालुक्यांतील कर्डे या गांवच्या एका घटनेंत मिळतो. १८७४ सालच्या डिसेंबरांत तेथील एका सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर कोर्टाचा हुकूमनामा मिळविला, त्यांचें घर लिलांवांत स्वतःच घेतलें, आणि विनवण्या झाल्या असतांहि तें मोडून लांकूडफांटा वाहून नेला. भिंती आणि माती मागें राहिली, कारण तिला किंमत नव्हती. गांवकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार टाकला. तो आजूबाजूच्या गांवांत पसरला, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा होऊन पुढें पुणें व नगर जिल्ह्यांत तो भडकला. इतिहासाच्या पुस्तकांत दख्खनचे दंगे म्हणून जें प्रकरण आपण वाचतों, त्याच्या आरंभीं एक मोडलेलें घर आहे. त्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी जांचांतून सोडविण्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

पुढें नवे जिन्नस आले. १८६५ सालीं बासल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि मंगळुरी कौलें हळूहळू दूरवर पोंचलीं. पाठोपाठ लोखंडी पत्रेहि आले. ज्याच्याजवळ पैसा होता त्यानें माळवद उतरून कौलें किंवा पत्रे घातले. कौलांना उतरता सांगाडा लागतो, म्हणजे पुन्हां लांकूड आलेंच. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्यानें आजोबांनीं केलें तेंच केलें. त्यानें जूनमध्यें आणखी चार बोटें माती घातली.

माझ्या वांट्याला घर आलें तें १९९१ सालीं. भावांची वांटणी झाली आणि माजघर व त्याला लागून असलेली एक खोली एवढें मला मिळालें. मी प्राथमिक शाळेंत शिक्षक; पगार बेताचा; घरांत पत्नी, दोन मुलें, आणि माझ्याकडे राहावयास आलेले आई-वडील. घर आपलें झालें याचा आनंद मोठा होता. भिंती लिंपल्या, शहाबादी फरशी घातली, वीज घेतली. दोन्ही वर्षीं मृगापूर्वीं वडिलांनीं आणि धाकट्या भावानें रीतीप्रमाणें माळवदावर माती घातली. पत्नी मात्र एक तक्रार सतत करी कीं, माजघराचें दार वर घासतें. मीं सुताराला बोलावून दार रंधून घेतलें. वर्षभरांत तें पुन्हां घासूं लागलें. मीं पुन्हां रंधून घेतलें. ती एकदां म्हणाली, “दार वाढत नाहीं हो. वरची चौकट खालीं येत असेल, तें बघा.” मीं तें हंसण्यावारी नेलें. चौकटीवर काय दाबतें, हा साधा प्रश्न शाळेंत गणित शिकविणाऱ्या मला सुचला नाहीं, याची लाज मला आजहि वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहांटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें गेलीं. धरणीकंपाचा धक्का ६·२ रिश्टरच्या आसपासचा होता. इतक्या धक्क्यानें जगांत सर्वत्र एवढी हानि होत नाहीं. तेथें ती झाली याचें कारण पुढें अभियंत्यांनीं स्पष्ट केलें. घरांच्या भिंती जाड होत्या, पण त्या मातींत रचलेल्या दगडांच्या होत्या. बाहेरचा पदर आणि आंतला पदर यांना जोडणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादरा बसतांच दोन्ही पदर फुटून वेगळे झाले. आणि वर माळवद होतें. दरसालच्या भरीनें त्याची माती एक फूट, दोन फूट, कोठें त्याहूनहि अधिक चढलेली. ज्या मातीनें पावसापासून राखलें तीच निजलेल्या माणसांवर आली.

वर्तमानपत्रांतील तीं छायाचित्रें पाहून मी पहार घेऊन माळवदावर गेलों आणि एका कोपऱ्यांत भोंक पाडून काठीनें माप घेतलें. माती पावणेदोन फूट भरली. खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब. म्हणजे दोनशें दहा घनफूट माती झाली. चोपलेली माती घनफुटाला सुमारें ४५ किलो धरली, तरी साडेनऊ टनांच्या आसपास ओझें भरतें. ओल्या दिवसांत त्याहून जास्त. त्या ओझ्याखालीं माझीं मुलें निजत होतीं.

रात्रीं मीं वडिलांना सांगितलें कीं, माती उतरावयाची. ते रागावले. म्हणाले, “मास्तर, बापजाद्यांनीं चढविलेली माती तूं उतरणार? पावसाळ्यांत घर गळलें म्हणजे काय करशील?” त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें, माती पातळ केली तर पाणी झिरपणारच. मीं पाटीवर हिशेब मांडून दाखविला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “किती ठेवायची?” मीं म्हटलें, “वीतभर. आणि तिच्याखालीं प्लास्टिकचा जाड कागद अंथरावयाचा.”

दिवाळीच्या सुटींत काम काढलें. दोघे मेव्हणे आले, धाकटा भाऊ आला, बहीण आणि तिचे यजमान आले. स्वयंपाक आईनें आणि पत्नीनें संभाळला. प्रथम तुळयांना खालून टेकू दिले. मग एका बाजूनें सगळी माती न काढतां दोन्ही अंगांनीं सारखी कमी करीत गेलों, म्हणजे भिंतीवर एकांगी भार येऊं नये. कागद घालण्यासाठीं माती एकदां पूर्ण उतरावी लागली आणि चाळून वीतभर परत चढवावी लागली. कायमची खालीं आलेली माती साडेतीनशेंहून अधिक घमेलीं भरली; मुलांनीं कोळशानें भिंतीवर रेघा मारून तीं मोजलीं.

उकरतांना मातीचे थर पोळीच्या पदरांसारखे वेगवेगळे दिसूं लागले. एका थरांत तांबडा मुरूम मिसळलेला होता. वडील तो हातानें चोळून म्हणाले, “हा बहात्तरच्या दुष्काळांतला. खडी फोडायला जात होतों, तिकडून आणला.” त्या सालीं पाऊस नव्हता, मग माती कशाला घातली, असें मीं विचारलें. ते म्हणाले, “तुझी आजी म्हणाली, माती घातली नाहीं तर पावसाला वाटेल कीं आपली कोणी वाट बघत नाहीं.” मग त्यांनीं स्वतःच तो थर घमेल्यांत भरून दिला.

थर निघाल्यावर खरें संकट दिसलें. दारावरच्या तुळईचें भिंतींत शिरलेलें टोंक वाळवीनें पोखरून भुसा झालें होतें. साऱ्या मातीचा भार चौकटीवर आला होता आणि दार घासून तें आम्हांस दोन वर्षें सांगत होतें. तेथें भिंतीला लागून नवा खांब दिला, खांब आणि तुळया यांच्या कोनांत तिरके धीरे ठोकले. लांकूड, खिळेपट्ट्या, कागद आणि सुताराची मजुरी मिळून एकंदर खर्च १,८५० रुपये झाला. बाकीचें सारें घरच्या हातांनीं झालें.

पुढें मला कळलें कीं, भूकंपाच्या मुलखांतहि याच रीतीचें काम मोठ्या प्रमाणावर झालें. सर्वांत अधिक नाश झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. परंतु तडे गेलेलीं लाखाहून अधिक घरें आहे त्या जागींच दुरुस्त व बळकट करण्यांत आलीं. जागतिक बँकेचें साहाय्य होतें, सरकार अनुदान देई, अभियंते रीत दाखवीत, आणि काम कुटुंबानें स्वतः करवून घ्यावयाचें होतें. गांवोगांवच्या स्त्रिया संवाद-साहाय्यक म्हणून घरोघर जाऊन तें समजावून देत. तेथें छपराची माती उतरीत, लांकडी सांगाड्याला तिरके धीरे देत, आणि भिंतींत आरपार भोकें पाडून सळई व काँक्रीट भरून दोन्ही पदर एकत्र बांधीत. आम्हीं भिंतींचें काम केलेंच नव्हतें. म्हणजे आमची दुरुस्ती निम्मीच झाली होती. तें वाचल्यावर १९९५ च्या उन्हाळ्यांत तेवढीच माणसें पुन्हां बोलावलीं आणि राहिलेलें काम पुरें केलें. त्या घरांत आम्हीं पुढें सोळा वर्षें सुखानें काढलीं. मृगापूर्वीं वडील दरवर्षीं माळवदावर जात. पण आतां आधीं जुनी माती काठीनें मोजून, जेवढी वाहून गेली असेल तेवढीच घालीत.

श्रोतेहो, आज घरें निराळीं झालीं आहेत. माझा मुलगा सिमेंटच्या इमारतींत राहतो आणि त्याच्या घरावर माळवद नाहीं. परंतु थोड्या पैशांत, आप्तांच्या मदतीनें पहिलें घर नीट करणारीं माणसें आजहि पुष्कळ आहेत. आप्तांचे हात ही गरिबाची खरी ठेव होय. माझ्या घराचा तर तोच पाया होता. तथापि तेच हात कित्येक पिढ्या न विचारतां ओझें चढवीत होते, हेंहि तितकेंच खरें आहे. म्हणून डागडुजीला हात घालण्यापूर्वीं काय नवें घालावें याची यादी करण्याआधीं, घरावर आज काय भार आहे आणि त्यांतून काय उतरतां येईल, हें एकदां पाहून घ्यावें. आणि घरांत दिवसभर वावरणारी बाई दार घासतें असें म्हणाली, तर रंधा आणण्यापूर्वीं वर चढून पाहावें.