चित्रीकरणापूर्वीचे रेखाटन : कोल्हापूरची एक कार्यपद्धती

चित्रपटातील प्रसंग चित्रित करण्यापूर्वी चौकटीचौकटींनी रेखाटून घेण्याच्या पद्धतीस आज ‘स्टोरीबोर्ड’ म्हणतात. या पद्धतीस निश्चित रूप आले ते 1930 नंतर, वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत. तेथे भिंतीवरील फळ्यावर रेखाटने टाचून कथेचा क्रम ठरवीत. परंतु आधी रेखाटावे व मग चित्रित करावे हा परिपाठ कोल्हापुरात त्याहून सुमारे एक तप जुना आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या चित्रपटासाठी संगणकावरील कोणते साधन निवडावे, याची चर्चा होते तेव्हा या घरच्या इतिहासाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

बाबूराव पेंटर (1890–1954) हे मूळचे चित्रकार. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. 1916 साली आनंदराव निवर्तले. त्यांनी आरंभिलेला कॅमेरा बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने 1918 मध्ये सिद्ध केला. तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. बाबूराव पटकथा स्वतः लिहीत. शिवाय पात्रे, त्यांचा वेष व त्यांच्या हालचाली आधी रेखाटून ठेवीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याचा हात पडदे रंगविण्यात घडला, त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा काढून टाकला व भरीव, वावरण्याजोगे नेपथ्य उभारले. सपाट पडद्यासमोर कॅमेरा बहुधा समोरच ठेवावा लागतो. भरीव नेपथ्यात मात्र तो कोठून पाहील, पात्र कोणत्या दारातून येईल, हे प्रश्न उपस्थित होतात, आणि त्यांचा निर्णय आगाऊ करावा लागतो. बाबूरावांच्या रेखाटनांची गरज या पालटातूनच वाढली असावी, असे माझे मत आहे. त्यास खर्चाचीही जोड होती. कच्ची फीत परदेशातून येई. फुटास सोळा चौकटी, आणि मूकपटाचा सर्वसाधारण वेग सेकंदास सोळा चौकटी धरला, तर दर सेकंदास एक फूट फीत खर्ची पडे. कागदावरील चूक त्यामानाने फुकटच.

डिजिटल कॅमेऱ्याने हा धाक उरविलेला नाही. दहा वेळा चित्रित केले तरी फीत खर्च होत नाही. त्यामुळे निर्णय संकलनाच्या मेजापर्यंत लांबणीवर टाकण्याची सवय जडते. तेव्हा साधनाची परीक्षा एवढीच, की ते निर्णय घ्यावयास भाग पाडते काय?

या कसोटीवर ‘स्टोरीबोर्डर’ ही विनामूल्य प्रणाली मला विद्यार्थ्यांस विशेष उपयुक्त वाटते. तीत प्रत्येक चौकटीस कालावधी देता येतो व सारी मालिका ओळीने चालवून पाहता येते. बाबूरावांच्या कागदाला ही सोय नव्हती. ‘क्रिटा’तही 2021 पासून स्टोरीबोर्डची सोय आहे, पण ती मुळात चित्रकाराची प्रणाली असल्यामुळे एकेक चौकट घोटीत बसण्याचा मोह होतो. ‘ब्लेंडर’मध्ये त्रिमिती जागेत कॅमेरा ठेवून पाहता येतो. हाताने काढलेले चित्र भिंगाविषयी सर्रास खोटे बोलते : कोणतेही भिंग एकदम पाहू शकणार नाही असे दालन पेन्सिल सहज काढते. ज्याने स्वतः कॅमेरा घडविला त्याला हा धोका कमी. आजच्या विद्यार्थ्याला तो पुष्कळ. अरुंद वाड्यात चित्रीकरण करावयाचे असेल तर ‘ब्लेंडर’ शिकण्याचे कष्ट अवश्य घ्यावेत. केवळ संवादांच्या लघुपटासाठी ते व्यर्थ होत. तयार पुतळे मांडून चौकटी भरणाऱ्या साधनांनी कोन कळतो, परंतु वेष व मुद्रा यांचा विचार मागे पडतो, आणि बाबूरावांच्या रेखाटनांत तर तोच प्रधान होता.

चित्र काढता येत नाही ही सबब ऐकू येते. ‘स्टोरीबोर्डर’मध्ये कोऱ्या चौकटींचा कागद छापून घेऊन, त्यावर पेन्सिलीने काढून, त्याचे छायाचित्र परत प्रणालीत घेता येते. काडीची माणसे चालतात; ती कोणत्या बाजूने आत येतात एवढे स्पष्ट असले म्हणजे झाले.

साधन निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. 1925 चा मूक ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाही. चित्रपट नष्ट झाला की त्याची पूर्वतयारी हाच अभ्यासकाचा आधार उरतो. म्हणून ज्या प्रणालीतून चौकटी साध्या चित्रांच्या वा पीडीएफच्या रूपात बाहेर काढता येतात तीच घ्यावी, आणि चित्रपटाबरोबर त्यांची एक छापील प्रत विभागाच्या ग्रंथालयात दाखल करावी.