बाविशीतला शिपाई : नाईक यशवंत घाडगे

दरवर्षी २० मार्चला आपण गाड्या भरून महाडला जातो आणि चवदार तळ्यापुढे नतमस्तक होतो. महाडच्या अलीकडे माणगाव लागते. त्या माणगावात एका शिपायाचा पुतळा आहे. त्याची हकीकत आपल्या तरुणांना माहीत असावी, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

त्यांचे नाव नाईक यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, गाव माणगाव तालुक्यातले पळसगाव. तेव्हा आपला रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. डोंगरउताराच्या जमिनीचे भात वर्षभर पुरत नाही, हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगायला नको. पोरगा हाताशी आला की त्याच्यापुढे दोन वाटा असत : मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. आमची माणसे गिरणीत आली. यशवंतराव पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने इथल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थान महायुद्धात ओढला. युद्ध संपेपर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली. त्यातले हजारो जवान इटलीत जर्मनांशी लढायला गेले आणि ५,७८२ जण परत आलेच नाहीत.

१० जुलै १९४४. इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंतरावांची तुकडी पुढे सरकत होती. अगदी जवळून शत्रूची मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. एकटे यशवंतराव तेवढे उभे राहिले. ते मागे फिरले नाहीत, थेट मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून तोफ आणि ती चालवणारा निकामी केला, मग दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवायला वेळ कुठला? बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्यानेच संपवले. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. तेविशीही पुरी झाली नव्हती!

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो घ्यायला त्यांची विधवा पत्नी पुढे आली आणि व्हाइसरॉय वेव्हेल यांनी तो तिच्या हाती दिला. साम्राज्याने क्रॉस दिला, पण त्या माउलीचा धनी काही परत आला नाही. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा सैनिकांची नावे इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यात यशवंतरावांचेही नाव आहे.

आता कुणी म्हणेल, मराठा पलटणीतल्या शिपायाची गोष्ट आपल्या विहाराच्या स्मरणिकेत कशाला? आमचे म्हणणे असे की इतिहास एका बाजूने वाचू नये. पलटणीची वाट आपल्याही माणसांची होती. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर शिपाईच. १८९० नंतर सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे तेच. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. त्याच १९२१ साली यशवंतराव जन्मले. ते पाच वर्षांचे असताना शेजारच्या महाडला पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. एकाच मुलखातली ही लेकरं, पण एकाला लढायला बोलावणे आणि दुसऱ्याला दार बंद! बाबासाहेबांनी भरतीचा आग्रह धरला. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मराठा पलटणीचे केंद्रही बेळगावलाच होते. गोळी जात विचारत नाही, पाणवठा मात्र विचारत होता. हे विसरून शौर्याचे पोवाडे गाण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. आपण बुद्धाची लेकरं, युद्धाचा जयजयकार आपल्याला शोभत नाही. त्या मशीनगनवरचे जर्मनही कुणाच्या तरी पोटचे होते. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने यशवंतरावांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. त्यावरच्या वचनाचा अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या भूमीवर ते पडले तिथल्या लोकांनी हा बोध घेतला. आपण तर तो अडीच हजार वर्षांपूर्वीच ऐकला आहे!

आमची विहारातल्या सर्वांना एक विनंती आहे. यशवंतरावांचे नाव निदान दगडावर तरी आहे. आपल्या घरातले जे आजे-पणजे पलटणीत गेले, त्यांची नावे कुठे आहेत? ट्रंकेच्या तळाशी पडलेली पदके आणि पेन्शनचे कागद बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, गाव, पलटण आणि साल लिहून घ्या. त्यासाठी विहारात एक वही ठेवावी आणि पुढच्या वर्धापनदिनी तिचे वाचन व्हावे. आपला इतिहास दुसरे कुणी लिहील म्हणून वाट पाहत बसलो, तर तो लिहायचाच राहील.