कोयत्याचा रकाना

साखर कारखान्यांच्या संगणकीकरणाचा इतिहास बहुधा वारणानगरपासून सांगितला जातो, आणि ते रास्तच आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊसनोंद, तोडणीची पाळी, वजन हे सारे शेतकऱ्याला गावातच कळावे, हा हेतू. पुढच्या दशकात तिथल्याच काही गावांत हेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले गेले.

त्याआधी कारखान्यात खाते तितक्या वह्या असत. लागणीची नोंद शेतकी खात्याकडे, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन काट्यावर, सोसायटीची कपात हिशेबखात्यात. एकाच शेतकऱ्याचे नाव तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेले असले, की बिल अडले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने तर पुरवठ्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाचे बंधन घातलेले. (पैसे थकतात ते वहीमुळे कमी आणि तिजोरीमुळे जास्त, ही गोष्ट वेगळी.) या सगळ्या वह्यांची एक वही करणाऱ्या प्रणालीला आज ‘ईआरपी’ म्हणतात. जर्मनीत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सॅप कंपनीने हा धंदा जगभर नेला. नोंदीला एक क्रमांक मिळतो. तोच तोडणीच्या चिठ्ठीवर, काट्याच्या पावतीवर आणि शेवटी पंधरवड्याच्या बिलावर उतरतो. मधली खाडाखोड बंद होते.

बीड जिल्ह्यात स्वतःचे कारखाने आहेत. पण या इतिहासात बीडचे खरे स्थान फडात आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. उचल मुकादमामार्फत मिळते. हिशेबाचे एकक असते ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस अर्धा कोयता. तोडणी-वाहतुकीचे बिल मुकादमाच्या किंवा गाडीमालकाच्या नावे निघते. म्हणजे उसाची प्रत्येक खेप कोणत्या गटातली, किती वाजता काट्यावर आली हे पडद्यावर दिसते. ती मोळी कोणी बांधली, डोक्यावरून गाडीत कोणी भरली, हे दिसत नाही. बाईचे नाव तर दोनदा पुसले जाते, आधी जोडीत आणि मग टोळीत.

माझ्या मते हा यंत्राचा दोष नाही. संगणकाने जुनी वही जशीच्या तशी उचलली, आणि जुन्या वहीतच तो रकाना नव्हता.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चौकशीसाठी बायकांपर्यंत त्यांच्या गावी जाऊनच पोचावे लागले. टनांच्या नोंदींतून त्या सापडण्यासारख्या नव्हत्या. पुढे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून १० रुपये घेण्याचे ठरले. टन प्रणालीत होतेच, त्यामुळे रकमेचा हिशेब सोपा. माणसांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचे काम मात्र गावोगावच्या ग्रामसेवकांकडे सोपवावे लागले.